गोवर्धनचा दुपट्टा

शालीकराम जेवल्याशिवाय रुख्मा जेवत नसे.

गावाला याचं नवल नव्हतं. घरोघरी बाया नवऱ्यामागूनच जेवत. पण नवऱ्याला फार उशीर झाला की त्या चुलीपाशी बसून चार घास खाऊन घेत आणि तोंड पुसून मोकळ्या होत. रुख्माला ते जमलं नाही. शालीकराम अर्जुनीच्या बाजारात अडकला की ती दुसऱ्या सकाळपर्यंत उपाशी. पाणी प्यायची, तेवढंच. तिची सासू सुशीलाबाई विहिरीवर सांगायची, "आमची सून म्हणजे सावित्रीच होय वो." बाया मान डोलवत आणि घरी जाऊन आपापल्या सुनांना टोमणे मारत.

शालीकरामलाही आधी बरं वाटलं. आपल्यासाठी कोणी उपाशी बसलंय, हे कोणाला आवडत नाही? मग हळूहळू त्याचं पोट सुटलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कोणी आग्रहानं जेवू घातलं, तरी घरी येऊन पुन्हा ताटावर बसावं लागे. जेवून आलो म्हटलं तर ती त्याच्या तोंडाकडे पाहत राही, चोरी धरल्यासारखी. मित्र म्हणत, "शालीक, तुले दोन पोटं हायेत. एक तुहं, एक बायकोचं." तो हसायचा. भाजी कशीही असो, तो बोलत नसे. उपाशी माणसानं वाढलेल्या ताटाला नावं कशी ठेवायची?

दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरे आणि दंडारीचे खेळ होत. शालीकराम दंडारीत ढोलकी वाजवायचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी तो दोन दिवस गेला. परत आला तेव्हा उपाशी रुख्मा भिंतीला धरून उभी होती. पुढच्या वर्षी ढोलकी आढ्याला टांगली गेली, ती तिथंच राहिली. त्यानं तक्रार केली नाही. बोलणंच कमी केलं.

रुख्मा हे का करायची, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. ती लहान असताना तिचा बाप एका दुपारी म्हणाला, "जेवाले येतो." तिला भूक लागली होती. आईनं तिला आधी वाढलं. ती जेवली. बाप आला नाही. आईनं त्याचं ताट रात्रभर झाकून ठेवलं. पुढं कळलं, तो चांद्याकडे कोळशाच्या खाणीवर आहे आणि तिकडं त्यानं दुसरं घर केलं आहे. आईनं नशिबाला दोष दिला. रुख्मानं त्या घासांना.

जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात शालीकरामला गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये हंगामाचं काम लागलं. शेती थोडकी, ती पाहायला भाऊ बकाराम होता. शालीकराम आठवडाभर तिकडं राहणार, शनिवारी संध्याकाळी घरी येणार.

रुख्मा नाही म्हणाली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मंग मले कसं कळन?"

"काय?"

"तुमी जेवले का नाई ते."

शालीकराम दुसऱ्या दिवशी गोवर्धनला घेऊन आला. गोवर्धन छोट्या लाईनीच्या गाडीत फुटाणे विकायचा. सकाळच्या गाडीनं गोंदियाला जायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत. रुख्माच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, रुळाला लागून होता.

"वहिनी, धुऱ्याजवळ गाडी आली का मी दारात उभा राहून दुपट्टा हलवीन," तो म्हणाला. "दुपट्टा हलला म्हनजे शालीक जेवला."

"आनि नाई हलला तं?"

"हलनच. कायले काळजी करता?"

तेव्हापासून रुख्मा दिवेलागणीच्या आधी धुऱ्यावर जाऊन उभी राहायची. गाडी यायची, दारात पांढरा दुपट्टा हलायचा. ती घरी येऊन जेवायची. दिवसातून तेवढंच एकदा. शेजारची शांतीबाई ओरडून विचारायची, "काय वो, सिग्नल पडला का? जेव मंग आता." रुख्मालाही हसू यायचं. शालीकराम शनिवारी येई, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त बोलत असे. मिलमधल्या गोष्टी सांगे. मुकादमाच्या हिंदीची नक्कल करी.

माघात एका संध्याकाळी दुपट्टा हलला नाही.

गाडी गेली. रुख्मा धुऱ्यावर उभी राहिली, अंधार पडला तशी घरी आली, न जेवता झोपली. दुसऱ्या संध्याकाळीही हलला नाही. सासू ओरडली, बकारामनं समजावलं. तिनं ताटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी खळ्यावर धान चुरणं चालू होतं. ती बैलांच्या पायांशीच कोसळली. बकारामनं तिला ओढून बाजूला काढलं आणि तसाच गाडीनं गोंदियाला गेला.

शालीकराम भावाबरोबर आला. मुकादमानं त्याला सांगून पाठवलं होतं, "परसों तक नहीं आए तो दूसरा आदमी रख लेंगे." तो रुख्माजवळ बसला. तिनं त्याला पेज पिताना पाहिलं, मग स्वतः प्यायली.

दुसऱ्या सकाळी गोवर्धन आला. डोळे खोल गेलेले, हातात फुटाण्यांची पुडी.

"हिवताप आला होता वहिनी. घरीच पडून होतो. काल कोनी तरी सांगतलं तुमचं."

"मले वाटलं हे जेवले नाई," रुख्मा म्हणाली. "म्हनून तुमी हलवला नाई."

गोवर्धन हसला. "मी कुठं याले पाहून येतो? याची मिल तिकडं, मी गाडीत. धुरा दिसला का हलवतो."

शालीकराम खाली पाहू लागला.

"रोज?" रुख्मानं विचारलं.

"रोज. यानंच सांगतलं होतं. मी जेवो का नको जेवो, तू हलवत जा."

गोवर्धनला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. त्यानं पुडी ठेवली आणि तो निघून गेला.

रुख्मा रडली नाही. ती हिशेब लावत असावी. मग तिनं विचारलं, "कदी जेवले नाई असं झालं का?"

"झालं ना. पुसात मले ताप होता. आंबील बी उतरत नव्हती."

"आनि त्या दिवशी मी?"

"जेवली असशीन. दुपट्टा तं हलला."

"मी आधी जेवली," ती म्हणाली. "तरी तुमी शनवारी आले."

"आलो तं. काऊन नाई येनार?"

बापाचं तिनं त्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं शालीकराम म्हणाला, "जाऊ दे. मी मिल सोडतो. इथंच राहतो."

तो रागानं बोलला नाही. ढोलकी टांगली त्या दिवशीही याच आवाजात बोलला होता. त्याला थांबवायला रुख्माला आता काहीच करावं लागणार नव्हतं. गप्प राहिली असती तरी तो राहिला असता. रोज समोर बसून जेवला असता, आणि पुन्हा बोलणं कमी केलं असतं. तिनं वर पाहिलं. ढोलकीचं कातडं एका बाजूनं उंदरांनी कुरतडलं होतं.

"जा तुमी," ती म्हणाली.

"जेवशीन?"

"मले नाई माहीत. पन जा."

गोंदियाची रात्रीची गाडी धरायला तो संध्याकाळी पायीच स्टेशनवर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुख्मानं स्वतःचं ताट वाढून घेतलं. भात आणि लाखोरीची पालेभाजी. सुशीलाबाई दारातून पाहत होती.

"शालीक जेवला का?"

"माहीत नाई, आत्याबाई."

विहिरीवर आता काय सांगायचं, हा प्रश्न सासूला पडला असावा. रुख्माचा पहिला घास बराच वेळ तोंडात राहिला. पुन्हा पुन्हा तिनं रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. ती जेवली, ताट घासलं आणि खळ्यावर गेली. संध्याकाळी गाडीची शिटी वाजली तेव्हा ती धानाचं वाळलं तणस उचलत होती. तिनं हातातलं खाली ठेवलं, थोडी थांबली, पुन्हा उचललं. शांतीबाईनं नंतर सांगितलं, गोवर्धन धुरा मागं पडेपर्यंत दुपट्टा हलवत होता.

शनिवारी शालीकराम आला. हातपाय धुऊन पाटावर बसला. तिनं एकच ताट वाढलं.

"तू जेवली?"

"दुपारीच."

त्याचा चेहरा उतरला. "मी उपाशी आलो. संगं जेवू म्हनून."

पुन्हा जेवते म्हणायला रुख्मानं तोंडही उघडलं. मग मिटलं. ताट त्याच्याकडे सरकवून ती जवळ बसली. तो जेवू लागला. आधी हळू, मग भूक लागलेल्या माणसासारखा. मध्येच तो थांबला.

"भाजीत मीठ कमी हाये."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तो असं कधी बोलला नव्हता.

"होय," रुख्मा म्हणाली. "मलेही दुपारी तसंच लागलं." आणि मिठासाठी उठली.