अर्धवट राहिलेले रोडगे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला कीव येते. पांढरी साडी, उलटे पाय, चिंचेचं झाड... शिकलेली माणसंसुद्धा हे चवीनं वाचतात, नवलच आहे. म्हणून आधीच सांगते – माझ्या गोष्टीत भूत नाही. झालं ते भर दुपारी, ऑपरेशन थिएटरात.

एमबीबीएसनंतर मी अमरावतीच्या एका छोट्या हॉस्पिटलात मेडिकल ऑफिसर होते. अकोल्याला ॲनेस्थेशियाची सीट मिळाली होती, आणि ती सोडून स्किनसाठी पुन्हा परीक्षा द्यायची हे जवळजवळ पक्कं होतं. बाबा वकील. ते म्हणाले, "लोकायले झोपवाले डॉक्टर झाली काय तू? पेशंटले तुह्यं नाव तरी याद राह्यते का?" मलाही तेच वाटायचं. भूल देणारा म्हणजे लग्नातला वाढपी. पंगत उठली की कोण विचारतो त्याला.

आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमची एक खोड होती. पेशंटला आकडे मोजायला लावायच्या नाहीत. त्याला येणारं एखादं काम सांगायला लावायच्या, आणि तो जागा होताना जवळ उभं राहून उरलेलं ऐकून घ्यायच्या. मला ही थेरं वाटायची.

त्या दिवशी अंजनगाव सुर्जीच्या एक आजी होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन. मॅडमनी मला पुढे केलं. मी विचारलं, "आजी, रोडगे कसे करता?"

"कनीक घट्ट भिजवाची, गोये कराचे, गोवऱ्याच्या आरात भाजाचे... अन मंग..." एवढ्यात झोपल्या.

ऑपरेशन संपलं, पण आजी जाग्या होईनात. सर्जन सर "हे तुमचं खातं" म्हणून चहाला गेले. आजींना नळीसकट आयसीयूत नेलं. बाहेर त्यांची सून माझा हात धरून विचारत होती, "उठतीन ना हो मॅडम?" मी काय सांगणार होते, कपाळ?

पुढचा पेशंट मोझरीचा ट्रॅक्टर मेकॅनिक. नुकताच आलेला, आजींना त्यानं पाहिलंही नव्हतं. मी म्हटलं, "काका, इंजिन कसं खोलता?" औषध चढत होतं. तो म्हणाला, "अन मंग राख झटकाची... तुपात बुडवाचे... पयला रोडगा सुनेले द्याचा."

मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. शुद्धीवर आल्यावर त्याला विचारलं, तर म्हणे, "मले चहा बी करता येत नाही."

त्यानं कुठेतरी ऐकलं असेल, असं सांगणारे शहाणे भेटतात. कोणाकडून ऐकलं? आजी तर बेशुद्ध होत्या.

संध्याकाळी आजींनी डोळे उघडले. नळी काढल्यावर मी विचारलं, "रोडगे भाजले, मग पुढे?"

त्या वैतागल्या. आवाज बसलेला होता. "किती डाव सांगू वं तुले? राख झटकाची, तुपात बुडवाचे. पयला सुनेले."

अकोल्याची सीट मी सोडली नाही. बाबा पाहुण्यांना सांगतात, पोरगी अकोल्याले मोठी डॉक्टर होऊन राह्यली. कसली, ते सांगत नाहीत. आणि पेशंट पुरता जागा होऊन उरलेलं सांगेपर्यंत मी चहाला जात नाही. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.