साथीचे नाटक शिकवणाऱ्या रत्नपारखे मॅडम

प्रा. कमल रत्नपारखे यांची आणि माझी पहिली भेट एक्क्याऐंशी साली झाली. जालना नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि आमच्या तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला पहिल्यांदाच एक बाई आल्या होत्या. मी तीर्थपुरीजवळच्या खेड्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वर्गात आम्ही मुली चौघीच. मॅडमनी हजेरी घेतली, वही मिटली आणि मराठीत विचारले, "तुमच्या गावात मोठी साथ कधी आली होती? ती आठवणारं कुणी घरात आहे का?" इंग्रजीच्या तासाला हा कसला प्रश्न, म्हणून पोरे हसली. मॅडम हसल्या नाहीत. "रविवारी गावी जाल तेव्हा विचारून या," एवढेच म्हणाल्या.

मी विचारले. माझ्या वडिलांच्या आत्या, सखूआत्या, तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. आमचे घर छप्पन्ननंतर बौद्ध झालेले. आत्या सांगत होत्या तो काळ त्याच्या कितीतरी आधीचा, निजामाच्या राजवटीतला. पटकी आली तेव्हा सगळे गाव रानात झोपड्या घालून राहिले, असे त्या म्हणाल्या. मी विचारले, "मंग आपल्या लोकांकडं कोन आलं पुसायला?"

"कोन येतंय माय?" आत्या म्हणाल्या. "साथ नव्हती तवा तरी कोन येत होतं?"

हे मी वर्गात वाचून दाखवले. मॅडमनी आत्यांचे वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले आणि म्हणाल्या, "आता आपण नाटक सुरू करू."

ते नाटक म्हणजे चारशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी शोकांतिका. फारशी गाजलेली नाही. विद्यापीठाच्या यादीत ती पर्यायी होती आणि इतर कॉलेजे तिच्या वाटेला जात नसत. गोष्ट अशी. एका बंदराच्या शहरात रोगाची साथ येते. तिथला न्यायाधीश हुकूम काढतो, की ज्या घरात रोगी असेल त्या घराला बाहेरून कुलूप घालायचे, घरची सगळी माणसे आत, दारावर पहारा. पुढे त्याच्याच लेकीच्या घरात रोग निघतो. सगळे शहर त्याच्याकडे बघत असते. तो हुकूम मागे घेत नाही. लेक जाते, शहर वाचते, आणि शेवटच्या प्रवेशात नगरजन त्याच्यासाठी मानाचे वस्त्र घेऊन येतात.

आम्हाला तो न्यायाधीश राक्षस वाटला. मॅडम म्हणाल्या, "घाई करू नका. हे नाटक कुणासमोर झालं ते आधी बघा." मग त्यांनी आठ-दहा तास नाटकाचे पान उघडलेच नाही. त्या काळचे लंडन त्यांनी आमच्यापुढे उभे केले. तिथे खरोखरच रोग्यांच्या घरांना बाहेरून कुलपे लागत, दारावर तांबडी फुली मारीत, नाटकघरे महिनोन्‌महिने बंद पडत. म्हातारी राणी मूलबाळ नसताना वारलेली, दुसऱ्या मुलखातला नवा राजा गादीवर आलेला, आणि त्याच वर्षी मोठी साथ. उद्या काय कोसळेल याची कुणालाच खात्री नाही. "अशा भ्यालेल्या माणसांना हुकूम न मोडणारा अधिकारी क्रूर वाटत नाही, आधार वाटतो," मॅडम सांगत. "नाटककारानं त्यांना त्यांचा आधार दाखवला, आणि तो कुणाच्या जिवावर उभा आहे तेही दाखवलं. तो काळ बाजूला काढला तर उरते ती फक्त एका दुष्ट बापाची गोष्ट."

एका मुलाने विचारले, "मॅडम, तुम्ही त्याच्या जागी असता तर?"

"कुलूप काढलं असतं," मॅडम म्हणाल्या. विचार करायला त्या क्षणभरही थांबल्या नाहीत.

बी.ए. झाल्यावर माझे वडील मला घरी न्यायला आले. माझे लग्न ठरवायचे होते. ते शेतमजूर, कॉलेजच्या आवारात पाऊल टाकायलाही बिचकत होते. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. वडील चटकन उठून उभे राहिले. "बसा हो, दादा," मॅडम म्हणाल्या, "मला वर बघून बोलता येत नाही, मान दुखते." वडील बसले. "पोरगी हुशार हाय म्हंतात, पन आमच्यात कोन एवढं शिकलंय मॅडम?" असे काहीसे ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "मग हिच्यापासून सुरुवात करू. एम.ए.ची दोन वर्षं मला द्या. नंतर तुम्ही म्हणाल तसं." पुढल्या महिन्यात त्या आमच्या गावी आल्या, आमच्या वस्तीत जेवल्या, सखूआत्यांशेजारी बसून त्यांच्याकडून दोन तास जुन्या गोष्टी लिहून घेतल्या. मी आज जी काही आहे ती त्या दोन वर्षांमुळे. पुढे ब्याण्णव साली मी त्याच कॉलेजात, त्यांच्याच विभागात रुजू झाले.

दर वर्षी त्या तोच प्रश्न विचारून नाटक सुरू करीत. राजूरपासून गोदाकाठापर्यंतच्या खेड्यांतल्या साथींच्या आठवणी मुले वह्यांत लिहून आणत. या वह्यांवर आणि त्या नाटकावर मॅडम एक पुस्तक लिहिणार होत्या. प्रकरणांची नावेही ठरली होती. ते पुस्तक झाले नाही. का झाले नाही, ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी मॅडमना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "शोभाचं लिहिणार असशील तर लिही. नाहीतर राहू दे." समितीतल्या काहींना हे साठीच्या सोहळ्याला शोभणारे वाटले नाही. पण अट मॅडमची आहे आणि ती मी पाळते.

चौऱ्याण्णव साली, महालक्ष्म्यांच्या सणानंतर, शेजारच्या बीड जिल्ह्यात प्लेग निघाल्याची बातमी आली. मॅडम तेव्हा मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या आणि मी त्यांची मदतनीस. शोभा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. गोदावरीपलीकडच्या, बीडमधल्या एका गावची. सण करून परत आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी तापाने फणफणली. तासाभरात बातमी गावभर झाली. दूधवाला गेटाबाहेरच थांबला. लोक जमले. "बीडची पोरगी हाय म्हनं. जल्दी बाहेर काढा तिला, न्हाईतर सगळं गाव मरंल," असे ओरडू लागले. प्राचार्य आले, पण आत आले नाहीत. "मॅडम, काहीतरी करा," एवढेच म्हणून गेले.

मॅडमनी प्रयत्न केले नाहीत असे कुणी म्हणू नये. दोन खासगी डॉक्टरांनी यायला नकार दिला. एकही जीपवाला तिला गाडीत घ्यायला तयार होईना. सरकारी पथके सीमेवरच्या गावांत गेलेली. जमेल तसे येतो, असा निरोप मिळाला. प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या बाजारातून संपल्या होत्या; मॅडमनी कुठून तरी चार मिळवल्या. आणि बाकीच्या चाळीसेक मुलींना व्याख्यानाच्या हॉलमध्ये हलवून शोभाची खोली बाहेरून बंद करायला सांगितले. शब्द त्यांचा होता. कुलूप मी लावले.

खोलीची गजांची खिडकी व्हरांड्यात उघडत असे. तिच्यातून आम्ही चहा, भात, गोळ्या आणि रजई आत दिली. मॅडम दहा हातांवर खुर्ची टाकून, तोंडाला पदर लावून बसून राहिल्या. पहिल्या दिवशी शोभा खिडकीशी येऊन बोलत होती. "मॅडम, म्या काय केलं वो? दार तर उघडा. बिलकुल बाहेर येत न्हाई मी, नुसतं दार उघडं ऱ्हाऊ द्या." मग, "लई थंडी वाजून राह्यली." मॅडम तिला म्हणाल्या, "डॉक्टर येतायत, बाळ. थोडा धीर धर."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीशी आली नाही. आतून बडबड ऐकू येत होती, मधूनच आईला हाक. मी मॅडमना म्हटले, "उघडू या का?"

"चाळीस पोरी आहेत, सुनंदा," त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्यांदा विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरकारी डॉक्टर आले. मी कुलूप काढले. त्यांनी शोभाच्या डोळ्यांत पाहिले, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपून पाहिले. "हा प्लेग वाटत नाही," ते म्हणाले. "बाहेरून कुलूप कुणी लावलं होतं?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे उभी होते. मी काही बोलले नाही.

डॉक्टरांच्याच जीपमधून तिला जालन्याला आणि तिथून औरंगाबादला नेले. संध्याकाळी ती गेली. मेंदूत चढलेला मलेरिया होता. दोन दिवस आधी आणली असती तर वाचण्याची आशा होती, असे तिथे सांगितले गेले.

चौकशी कुणी केली नाही. उलट महिन्याभराने कॉलेजात सभा झाली. कठीण प्रसंगी वसतिगृह सांभाळल्याबद्दल मॅडमच्या अभिनंदनाचा ठराव झाला, त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला. मॅडमनी ते घेतले. मी खाली बसून पाहत होते; नाटकाचा शेवटचा प्रवेश वर्गात मीही दोन वर्षे शिकवला होता. नंतर मी विचारले, "का घेतलं?" त्या म्हणाल्या, "नको म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. तेवढी हिंमत नव्हती."

त्या दिवाळीत आम्ही दोघी शोभाच्या गावी गेलो. तिच्या आईने आम्हाला ओसरीवर बसवले, पाणी दिले. मग आईनेच विचारले, "शेवटाला काय म्हनत होती पोरगी?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला हाका मारत होती."

"मंग मला कामून बोलावलं न्हाई?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हते. "मी आले असते की. आतमधी बसले असते तिच्यापाशी. माझ्यासंगट कुलूप लावलं असतं तरी चाललं असतं."

त्यांचे गाव तीन तासांच्या वाटेवर होते. दोन दिवस आमच्या हातात होते. निरोप धाडावा हे आम्हा दोघींच्याही मनात आले नव्हते. त्या जुन्या लंडनमध्ये निदान घरची माणसे तरी रोग्याबरोबर आत असत. हे मॅडमनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते.

पुढच्या सत्रात नाटकाचा पहिला तास आला तेव्हा त्यांनी वर्गाला सगळे सांगितले, आम्ही काय केले आणि काय केले नाही ते. "काळाच्या भीतीनं माणूस कसा घडतो ते मी तुम्हाला शिकवायची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, एकदा समजलं की माणूस त्यातून सुटतो. तसं नाही. मला सगळं समजलं होतं." एक मुलगी रडू लागली. मॅडमनी पुस्तक मिटले आणि पुन्हा कधी ते शिकवले नाही. पुढे विद्यापीठाची यादी बदलली, मग मुलांअभावी विशेष इंग्रजीचा वर्गच बंद झाला. आठवणींच्या वह्या मॅडमनी माझ्याकडे दिल्या. त्या माझ्या कपाटात आहेत. मीही त्या उघडलेल्या नाहीत.

नंतरची दहा वर्षे त्यांनी सक्तीचे इंग्रजी शिकवले, पेपर तपासले, वेळेवर आल्या, वेळेवर गेल्या. वसतिगृहात कुणी मुलगी आजारी पडली, की स्वतः रेक्टर नसतानाही त्या तिच्या उशाशी जाऊन बसत. याला कुणी प्रायश्चित्त म्हटले तर त्यांना राग येतो. "त्यानं काही फिटत नाही," त्या म्हणतात. मलाही तसेच वाटते. असे काही असते जे कामाने, वर्षांनी, चांगुलपणाने फिटत नाही, आणि ते फिटत नाही हे माहीत असताना रोज सकाळी उठून कामाला जावे लागते. मॅडम रोज कामाला गेल्या. मी त्यांना जाताना पाहिले आहे, म्हणून मीही गेले. शिष्या म्हणून त्यांच्याकडून मला मिळालेले शेवटचे शिक्षण हेच.

आता मॅडम साठ वर्षांच्या झाल्या आहेत. साखर वाढलेली असते, डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. या ग्रंथात सगळे त्यांना दीर्घायुष्य चिंतणार हे त्यांना ठाऊक आहे. मला त्या म्हणाल्या, "तू तरी माझ्यासाठी वर्षं मागू नकोस. आहेत तेवढीच लांब वाटतात."

मॅडम, तुमचे आजवर सगळे ऐकले, एवढे ऐकणार नाही. तुमचे डोळे टिकोत, रात्री तुम्हाला थोडी झोप लागो, आणि तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जगा. हे मी तुमच्यासाठी मागत नाही. त्या दोन दिवसांविषयी जिच्याशी बोलता येते अशी तुमच्याशिवाय मला कुणीच नाही. तुम्ही गेलात तर त्या व्हरांड्यात मी एकटीच उरेन.