फ्रिजमध्ये बल्ब

बाबा डोंबिवलीचं घर सोडून कळव्याला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या सामानात आईचा जुना, एका दाराचा फ्रिज होता. माझ्याकडे फ्रिज होताच. पण बाबा म्हणाले, "चालू वस्तू टाकायची नसते." मग टेम्पोवाल्यांनी तो तीन मजले चढवून गॅलरीत आणून ठेवला.

आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालेलं. तेवढ्या काळात बाबा दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर गेलेले, आणि एकदा आपली बिल्डिंग समजून शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसून राहिलेले. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं की हे विसरणं वाढतच जाणार. औषधाने वेग थोडा कमी होईल, इतकंच.

मी एकटी राहते आणि ऑफिसचं बरंचसं काम घरूनच करते. बाळकुमच्या एका मैत्रिणीने मला घरी बिअर बनवायला शिकवलेलं. मोड आणून वाळवलेल्या जवाचा काढा उकळायचा, गार करायचा, वीस लिटरच्या जारमध्ये भरायचा, त्यात यीस्ट सोडायचं आणि मग दोन-तीन आठवडे वाट बघायची. खरी कटकट तापमानाची. आपल्याकडच्या उकाड्यात यीस्ट बिथरतं. म्हणून मी आईच्या फ्रिजमधले कप्पे काढून टाकले, आत जार ठेवला आणि फ्रिज एका छोट्या यंत्राला जोडला. त्या यंत्राला दोन सॉकेट होते, एक थंड करणाऱ्या वस्तूसाठी आणि दुसरा गरम करणाऱ्या वस्तूसाठी. जारला चिकटवलेल्या सेन्सरवरून त्याला आतलं तापमान कळायचं आणि लागेल तो सॉकेट ते चालू करायचं. गरमचा सॉकेट माझ्याकडे रिकामाच असायचा.

बाबांना बिअर पसंत नव्हती. "दारू गाळायला काढलीस घरात," एवढं बोलून ते आत गेले. पण यंत्र त्यांना आवडलं. ठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम केलेलं. ते रोज गॅलरीत येऊन आकडा वाचायचे आणि मला सांगायचे, "वीस दाखवतंय."

मग जानेवारीत एकदम गारठा पडला. मी एक वेगळं यीस्ट मागवलेलं, ते ऊब मागणारं होतं. चौथ्या दिवशी जारच्या तोंडाशी लावलेल्या नळीतले बुडबुडे थांबले. मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, त्याला सत्तावीस-अठ्ठावीस तरी पाहिजे. काहीतरी करून गरम कर, नाहीतर झोपेल ते."

बाबा शेजारीच बसलेले. म्हणाले, "बल्ब लाव."

"फ्रिजमध्ये?"

"मग? पावसाळ्यात मोटारी बंद पडून राहिल्या की वाइंडिंगला ओल धरते. आम्ही आत साठचा बल्ब लावून ठेवायचो. दोन दिवसांत मोटार कोरडी ठणठणीत. मात्र पिवळा बल्ब पाहिजे हां, तुमचे हे पांढरे तापत नाहीत."

कित्येक महिन्यांत ते इतकं सलग बोलले नव्हते. मी लॅपटॉप मिटला आणि आम्ही रिक्षाने ठाण्यात गेलो. पिवळा बल्ब आता कोणी ठेवत नाही. दोन दुकानदारांनी मान हलवली. टेंभी नाक्याजवळच्या तिसऱ्याने माळ्यावर चढून धुळीने भरलेलं एक खोकं खाली काढलं. बाबांनी बल्ब कानाशी नेऊन हलवला, उजेडाकडे धरून आतली तार बघितली, आणि दुकानदाराशी होल्डरच्या चांगल्या-वाईट जातींवर असे बोलत बसले की त्याने आमच्यासाठी चहा मागवला. मी बाजूला उभी राहून बघत होते. यांना काही झालंय हे कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

घरी येऊन ते गॅलरीत मांडी घालून बसले. मी ड्रिल काढल्यावर ते ओरडले, "बाजूला भोक पाडायचं नाही! आत गॅसची नळी असते. वायर दाराच्या रबरातून घे." बल्ब उघडा ठेवला तर फ्रिजचं प्लास्टिक वितळेल म्हणून त्यांनी तुपाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली आणि बल्ब त्यात बसवला. उजेडाने बिअर खराब होते, तेही त्यामुळे टळलं. वायरची टोकं सोलताना, पिळताना त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. अडखळत होतं दुसरंच. मध्येच थांबून त्यांनी मला तीनदा विचारलं, "हे आपण कशासाठी करतोय?" तिन्ही वेळा मी सांगितलं. तिन्ही वेळा ते "हां हां" म्हणून पुढे लागले.

शेवटी यंत्राच्या सॉकेटवरची पुसट अक्षरं चष्मा वर करून वाचत त्यांनी पांढऱ्या टेपचे दोन तुकडे कापले, पेनाने 'थंड' आणि 'गरम' लिहिलं आणि सॉकेटवर चिकटवले. त्याप्रमाणे प्लग लावले. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून मी आत गेले. तपासून बघावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. लहानपणापासून आमच्या घरात बाबांनी लावलेली वायर कोणी तपासलेली नाही.

सकाळी यंत्रावर आठ अंश होते. बल्ब विझलेला आणि फ्रिज घरघरत चाललेला. कळायला मला मिनिटभर लागलं. टेपवरची नावं उलटी होती. आत गार झालं की यंत्र गरमचा सॉकेट चालू करत होतं, आणि त्या सॉकेटमध्ये फ्रिज होता. जितकं गार, तितका फ्रिज चालू. यीस्ट तळाशी चिखलासारखं बसलेलं.

बाबा अजून उठले नव्हते. मी गुपचूप प्लग बदलले. दुपारपर्यंत आकडा सतरावर आला. संध्याकाळी बघते तर परत दहा. प्लग पुन्हा उलटे. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाराआड उभी राहिले. बाबा गॅलरीत आले. त्यांनी टेपवरचं वाचलं, मग प्लग बघितले, जिभेने च्यक् केलं, आणि स्वतःशीच "हिला किती वेळा सांगायचं" म्हणत दोन्ही प्लग काढून टेपवरच्या नावांप्रमाणे नीट लावले. मग हात झटकून, समाधानाने आत गेले.

मला पुढे होऊन सांगता आलं असतं. दोन पावलांचं अंतर होतं. पण काय सांगणार? तुम्ही चुकलात, हे सांगितलं असतं तर ते दुपारपर्यंत विसरले असते आणि संध्याकाळी परत प्लग बदलले असते. आणि विसरले नसते तर? ते मला जास्त नको होतं.

ते आंघोळीला गेल्यावर मी टेप काढली, नवी लावली आणि बरोबर नावं लिहिली. प्लग मुद्दाम तसेच ठेवले, नावं वाचून ते स्वतःच बदलतील म्हणून. वाटलं, सुटलं एकदाचं.

अर्ध्या तासाने हाक आली. "हे अक्षर कोणाचं?"

मी गॅलरीत गेले. बाबा खाली बसलेले, यंत्र मांडीवर. "माझं," मी म्हटलं. "टेप निघाली होती."

त्यांनी आकडा वाचला. फ्रिजचं दार उघडून हात आत घातला. मग बोटाने एकेक वायर धरत, शाळेतल्या मुलाला समजावावं तसं हळूहळू बोलू लागले. "आत गार आहे. म्हणजे बल्ब लागला पाहिजे. इथे फ्रिज लागलाय. म्हणजे उलटं आहे. तुझी टेप बरोबर. प्लग चुकीचे." त्यांनी वर बघितलं. "कोणी लावले?"

"मी," मी म्हणाले.

"तू?" त्यांचा आवाज चढला. "इलेक्ट्रिशियनची मुलगी ना तू? एवढं कळत नाही? फ्रिज जळला असता म्हणजे? तुझ्या आईचा फ्रिज आहे तो!" बरंच बोलले. मी मान खाली घालून ऐकलं. खरं सांगते, त्या बोलण्याने मला बरं वाटत होतं. दहावीत असताना असे ओरडायचे.

त्यांनी प्लग बदलले. डब्याच्या भोकांतून पिवळा उजेड आला. संध्याकाळी आकडा बावीस झाला आणि दुसऱ्या दिवशी सत्तावीसवर येऊन थांबला. मी जार हलवून खालचं यीस्ट वर आणलं. नळीत बुडबुडे आले, पण फार कमी, आणि तेही दोनच दिवस.

त्या दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा भाताशी खेळत बसलेले. मी विचारलं, "आमटी वाढू?"

"पहिली टेप कुठे टाकलीस?" ते म्हणाले.

"कचऱ्यात. का?"

"त्याच्यावर अक्षर माझं होतं ना?"

मी उशीर केला आणि तेवढ्या उशिरात त्यांना उत्तर मिळालं. ते म्हणाले, "हं. मला वाटलंच." मग ताटाला नमस्कार करून उठले. मी त्यांच्यामागे गेले नाही. जाऊन काय करणार होते? शाबूत असलेल्या डोक्याने ते स्वतःचं हरवलेलं डोकं बघत होते, आणि ते बघू नका असं त्यांना कसं सांगायचं ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी ते विसरले असते तर किती बरं झालं असतं. नेमकं तेवढंच ते विसरले नाहीत.

बिअर पांचट झाली, किंचित आंबूस. मैत्रिणीने एक घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवला. उरलेली मी बेसिनमध्ये ओतली आणि फ्रिज बंद करून ठेवला. आकडा वाचायला बाबा परत गॅलरीत आले नाहीत.

फेब्रुवारीत हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर गेला. पंधरा मिनिटांचं काम. मी मुद्दाम म्हटलं, "बाबा, जरा बघता का?"

"वायरमनला बोलाव," ते म्हणाले.

आमच्या घरात वायरमन आला तो पहिल्यांदाच. बाबांनी त्याला पाणी दिलं, मेन स्विच कुठे आहे ते दाखवलं, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. तो गेल्यावरही बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. मी पंखा चालू केला आणि चहा टाकायला उठले.