घासलेले चाकू

ती घटना आजही आठवते, असं निवृत्त पोलीस अधिकारी उठसूट म्हणतात. मला नोकरीतल्या बहुतेक घटना आता धड आठवत नाहीत. ही आठवते, आणि तिच्यात मी सगळं नियमाप्रमाणे केलं होतं.

तेव्हा मी भुसावळजवळच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. दसरा होऊन आठवडा झाला असेल. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात सत्तरीचे एक गृहस्थ पत्नीसह आले. दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर म्हणून जन्म काढलेले. कॉलनीत त्यांना सगळे आबा म्हणत. हृदयाच्या दुखण्याने पंधरा दिवस जळगावच्या दवाखान्यात होते, आदल्या दिवशी घरी परतले होते. कपाट उघडून पाहतात तर पत्र्याचा डबा रिकामा. एकेचाळीस चाकू गेलेले.

एकेचाळीस चाकू म्हटल्यावर माझा हवालदार सावरून बसला. आबांनी खुलासा केला. खिशातले घडीचे चाकू, एकेकात आठ-दहा अवजारं, आणि सगळे बनायचे बंद झालेले. जे आज दुकानात मिळतं ते त्यांना नको. फिर्याद अर्ध्या तासात व्हायची, तिला दोन तास लागले.

"साहेब, जुन्या चाकूचा डबा फोडायचा आकडा मोठा, वाकडा असायचा. पुढे तो बदलला. नवा पुढे ढकलत कापतो, अन त्याच्या टोकाने स्क्रूही फिरतो. एक लांब पातं माशाचे खवले काढायचं होतं. लोक वापरेनात, म्हणून ते काढूनच टाकलं. पात्याच्या बुडाशी बारीक ठसा असतो, तो वाचला की चाकूचं वय कळतं."

त्यांच्या पत्नी, अक्का, बाकावर पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. नवऱ्याच्या तब्येतीची काळजी असेल, असं मी धरून चाललो.

घटनास्थळाचा पंचनामा केला. कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत. म्हणजे घरात येजा असणाऱ्याचं काम. कॉलनीत येणारे फेरीवाले, भंगारवाले, सगळ्यांची यादी केली. तिसऱ्या दिवशी खबर आली. नाक्यावरच्या चहावाल्याने सांगितलं, सायकलवर चाक बसवून धार लावत फिरणारा एकजण लाल मुठीचा परदेशी चाकू घेऊन सायकलच्या दुकानात बारीक स्प्रिंग शोधत होता. आम्ही त्याला कॉलनीच्या चौकात, बायका विळ्या घेऊन रांगेत उभ्या असतानाच, गाडीत घातलं. दोन पंचांसमोर झडती घेतली. पेटीत तो चाकू निघाला.

माणूस पन्नाशीचा, मूळचा पिंपळनेरकडचा. आमच्या भागात वीस वर्षं राहूनही बोली तिकडचीच. मी त्याला हात लावला नाही, हे मुद्दाम लिहितो. फक्त दुपारपर्यंत तोच प्रश्न विचारत राहिलो.

"चाकू कोणी दिला?"

"ते सांगता येवाव नही, सायेब. मी चोरी नही करी. पन शबद देयेल शे."

"कोणाला?"

तो खाली बघायचा.

चोर सहसा काहीतरी गोष्ट रचतो. भावाने दिला, रस्त्यात सापडला, काहीही. हा काहीच रचत नव्हता. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी त्याला निगरगट्ट ठरवलं आणि कारकुनाला अटकेचे कागद तयार करायला सांगितले. एकदा अटक दाखवली असती तर त्या माणसाच्या नावापुढे ती जन्मभर राहिली असती.

ओळख पटवायला आबांना बोलावलं. त्यांनी चाकू घेतला, खिडकीपाशी जाऊन एकेक पातं उघडलं आणि त्याच्या बुडाशी अंगठा फिरवला.

"ठसा गेला हो. कानसपण गुळगुळीत केली."

"चोराने विकण्यासाठी चकचकीत केला असेल," मी म्हणालो.

"घासलेला चाकू संग्रह करणारे फुकटही घेत नाहीत, साहेब. अन चोर कानशीला कशाला पॉलिश करेल?" त्यांनी काडेपेटीतली काडी काढून पात्यांच्या खाचेत फिरवली. टोकाला लाल लागलं. बोटावर चोळलं, तर कुंकू आणि हळद.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारं-अवजारं घासूनपुसून पुजतात. धारवालाही चाकाची पूजा करत असणार, त्यात चोरीचा चाकू ठेवला असेल, असं मी बोलून टाकलं. तो पहिल्यांदा मान वर करून बोलला.

"आमना घरमा हायदकुकू नही, सायेब. आम्ही बौद्ध शेत. दसराले विहारमा जातस."

इतका वेळ मी त्याला एकच प्रश्न विचारत राहिलो होतो, त्याच्या घराबद्दल एकही नाही. आबा माझ्याकडे बघत नव्हते. काडीवरचं कुंकू पुन्हा एकदा पाहून ते म्हणाले, "घरी चला."

अक्कांनी दारातच ओळखलं. रजयांच्या गाठोड्यातून चाळीस चाकू काढून त्यांनी सतरंजीवर मांडले. आरशासारखे लखलखत होते. दरवर्षी खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पुजलं जायचं, फक्त हा डबा आबा उघडू द्यायचे नाहीत. या वर्षी नवरा दवाखान्यात. न पुजलेल्या पात्यांचा दोष लागला, असं त्यांच्या मनाने घेतलं. धारवाल्याला ओट्यावर बसवून सगळे घासून घेतले, पूजा केली. एकाची स्प्रिंग तुटली, तो दुरुस्तीला त्याच्याकडेच राहिला. मग दवाखान्यात आबा फोनवर कुणाला तरी सांगताना त्यांनी ऐकलं, घासलेला चाकू म्हणजे मेलेला चाकू. त्या घाबरल्या. चाकू लपवले, आणि धारवाल्याला कुणाला न सांगण्याची गळ घातली.

"तुमचं हृदय आधीच तसं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कसं सांगू?"

आबांनी एक चाकू उचलला, मिटला, खिशात घातला. "चांगली धार आहे," एवढंच म्हणाले. मला गलबलून आलं, हे कबूल करतो.

संध्याकाळी धारवाल्याचा जबाब नोंदवून त्याला सोडलं. तो जाईना.

"बठ्ठासमोर लई उनात ना, तशेच बठ्ठासमोर सोडा. अन गाडीखाले उतरीसन तुम्ही सांगा, का यानी चोरी नही करी."

सगळ्यांसमोर आणलं तसं सगळ्यांसमोर सोडा, ही मागणी रास्त होती. मी हवालदाराला गाडी घेऊन पाठवलं. मला दुसऱ्या दिवशीच्या बंदोबस्ताची बैठक होती. बैठक होती हे खरं, दहा मिनिटं जाता आलं असतं हेही खरं. हवालदाराने त्याला चौकात उतरवलं आणि गाडी वळवून परत आला. लोकांना तो काही बोलला नाही, आणि बोल असं मीही त्याला सांगितलं नव्हतं.

काही महिन्यांनी चाळीसगावला बंदोबस्ताला गेलो असताना तो बाजारात दिसला. त्यानेच आधी जय भीम केला. कॉलनीत का येत नाहीस, मी विचारलं.

"दार उघडतस, सायेब," तो म्हणाला. "पन चाकू हातमा देत नहीत."

डायरीत मी त्याच दिवशी लिहिलं होतं, संशयित निर्दोष. ते वाक्य चौकात उभं राहून मोठ्याने म्हणायचं होतं.