दाजींच्या खुर्चीपुरता आवाज

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, ऐरोलीच्या एका आयटी पार्कात टीम लीड आहेत आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नाहीत. भाजीवालीशी बोलतानाही त्यांचा सूर मीटिंगमधला असतो. आंबा कसा कापावा, फ्रीज भिंतीपासून किती लांब ठेवावा, ताप आल्यावर कोणत्या कुशीवर झोपावं, सगळ्यावर त्यांचं मत तयार. त्यातलं किती खरं निघालं हे विचारायचं नसतं. मी एकदा विचारलं होतं, तर ताई माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही.

आमच्या घरात मात्र दाजी आधी जावई, मग बाकी सगळं. आबांनी, माझ्या वडिलांनी, आयुष्यभर वाशीच्या मार्केटात पोती वाहिली. साताऱ्याकडचं गाव सुटलं, पण जावयाचा मान काही सुटला नाही. दाजी दारात दिसले की आबा गुडघ्यावर हात देऊन उठून उभे राहतात. घणसोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बरोबर मधोमध एक हातांची खुर्ची आहे, ती दाजींची. दाजी येतात महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी, पण एरवीही तिच्यावर कुणी बसत नाही. आबा बाल्कनीकडच्या कोपऱ्यात चटई टाकून भिंतीला टेकतात. मी शाळेतून दमून आले तरी सोफ्याच्या टोकाला बसते. रिकामी खुर्ची तेवढी ऐटीत टीव्ही बघत असते.

आबांचा एक कान पार गेलाय आणि दुसरा कसाबसा चालतो. त्यांना टीव्हीवर एकच गोष्ट ऐकायची असते, ती म्हणजे ताईच्या लग्नाची शूटिंग. मांडवात पंगत चालली आहे आणि आई हिरव्या साडीत, हातात वाढायचं भांडं घेऊन उभी आहे. एकदम ती कॅमेऱ्याच्या बाजूला बघते, हात वर करते आणि काहीतरी बोलते. व्हिडिओवाल्याने संपूर्ण लग्नावर सनई ओतून ठेवल्यामुळे शब्द कळत नाहीत. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आई गेली. तिचा आवाज असलेली तेवढी एकच जागा उरली आहे.

"हितं ती माज्याकडं बगती," आबा दर वेळी सांगतात. "मी त्या अंगाला बसलो हुतो. कायतरी म्हनली ती मला. काय म्हनली ते ध्यानातच न्हाई बग."

हे ताईने दाजींच्या कानावर घातलं. "टीव्हीच्या स्पीकरमध्ये दमच नसतो," असा निकाल दाजींनी लगेच दिला. स्वतःसाठी त्यांनी नवीन होम थिएटर घेतलंच होतं. जुन्याचं काय करायचं हा प्रश्न होता, तो आबांच्या कानामुळे आयता सुटला. अधिक महिन्यात ताई-दाजी धोंड्याचं जेवण जेवायला आले, तेव्हा गाडीच्या डिकीतून ते खोके निघाले. आम्ही दाजींना चांदीचं निरांजन दिलं आणि दाजींनी आम्हाला त्यांच्या घरातली अडगळ दिली. वर आबांनीच हात जोडले.

जेवण झाल्यावर दाजींनी बाह्या सरसावल्या. ज्या डब्यात सगळ्या स्पीकरांच्या वायरी जातात त्याला रिसीव्हर म्हणतात. त्याच्यासोबत एक छोटा माइक येतो. आपण बसतो तिथे तो ठेवला की रिसीव्हर आवाजाचं गणित आपलं आपण करतो. पण दाजींनी माइक खोक्यातून बाहेरही काढला नाही. "ऑटो सेटिंग ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासाठी असतं. मी मॅन्युअल करतो," ते म्हणाले. मग अंतर मोजायचं लेझरवालं यंत्र निघालं. दाजी खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या लाल ठिपका एकेका स्पीकरवर सोडू लागले. ताई आकडे मोठ्याने वाचत होती. मी स्टुलावर चढून भिंतीला खिळे ठोकत होते. आबा खाली उभे राहून स्टूल धरत होते. खुर्चीतून हुकूम सुटत होते.

पुढचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना लागले. मधला, ज्यातून माणसांचं बोलणं येतं तो, टीव्हीच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या चपलांच्या खोक्याशेजारी सरकवला. वर ठेवला की टीव्हीचा लुक जातो म्हणे. मागच्या दोघांपैकी एक बरोबर आबांच्या चटईच्या डोक्यावर आला. मी म्हटलं, "दाजी, आबा इथे बसतात."

"अगं, सिस्टीमला एकच पॉइंट असतो ऐकायचा. सगळं त्या पॉइंटला धरून सेट करायचं," दाजी खुर्चीच्या हातावर थोपटत म्हणाले.

"मग आबांना बसू द्या ना त्या पॉइंटवर."

यावर आधी ताईने डोळे वटारले, मग आबांनी. "काय बोलती येडे. पावन्यांची जागा हाय ती."

मग एकेका स्पीकरमधून सूं सूं असा आवाज फिरायला लागला. गॅस गळतोय असं वाटून आबा तो बघायला स्वयंपाकघरात गेले. दाजी हसले. सासरा गॅसला घाबरतो यात त्यांना भारी गंमत वाटली, आणि ती ऐरोलीत चार जणांना सांगितली जाणार हे मला तेव्हाच दिसलं. मधल्या स्पीकरचा आवाज त्यांनी बराच खाली आणला, कारण त्यांना 'इफेक्ट' हवा होता. खाली ठेवलेल्या धमधम करणाऱ्या जड पेटीचा मात्र असा वर नेला की भिंतीवरची आईची तसबीर खडखडायला लागली. त्यावरही दाजींकडे उपाय होता. "फोटो बेडरूममध्ये लावा. इथे डिस्टर्ब होतो." आणि ताईने, आईच्या पोटच्या मुलीने, तो खरंच उतरवून आत नेला. माझं डोकं इतकं तापलं की मी पाणी प्यायला आत गेले आणि तिथेच उभी राहिले.

बाहेर मोटारींच्या पाठलागाचा कसलासा सिनेमा लावून दाजी स्वतःवर खूश झाले. मग कुठे लग्नाची शूटिंग लागली, तेव्हा मी बाहेर आले. आबा सरसावून बसले. आई आली, वळली, तिने हात वर केला, आणि आबांच्या डोक्यावरून सनई अशी कोसळली की त्यांनी मान खाली घातली. आईचे ओठ तेवढे हलले. पूर्वी टीव्हीला कान लावला की पुसट का होईना तिचा आवाज तरी यायचा, आता तोही गेला.

"येतंय ना आबा क्लिअर?" दाजींनी मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं.

"व्हय व्हय, झ्याक येतंय," आबा म्हणाले.

"मग काय म्हणाली आई?" मी विचारलं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही चोरून खाल्लं होतं.

"सनई बघ काय खुललीय," दाजी म्हणाले. "हे आधी ऐकू येत होतं का?" जाताना दारात त्यांनी बजावलं, "सेटिंगला हात लावू नका हं. सगळं मोजून केलंय."

गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी हात लावला. आधी आईची तसबीर परत आणून जागेवर लावली. माहितीपुस्तक दाजींनी खोक्यातच टाकून दिलं होतं, ते उघडून वाचलं. यात अवघड काही नव्हतं, वाचावं लागतं एवढंच, आणि दाजींच्या पदाला वाचणं शोभत नसावं. मागचे दोन्ही स्पीकर बंद केले. धमधम बंद केली. मधला स्पीकर चपलांच्या संगतीतून सोडवून स्टुलावर ठेवला आणि त्याचं तोंड कोपऱ्याकडे वळवलं. आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप काढून चटईपासूनची अंतरं घेतली, ती एकेक करून रिसीव्हरमध्ये भरली, आणि मधल्याचा आवाज चढवला. आबा बघत होते. "पावन्यांनी लावलंय, मोडशील," असं अधूनमधून म्हणत होते, पण चटईवरून हलले नाहीत.

मी शूटिंग लावली. सनई होती, पण आता ती मांडवाबाहेर गेल्यासारखी वाटत होती. आई वळली, तिने हात वर केला. आणि आमच्या हॉलमध्ये, स्टुलावरून, तिचा तो खणखणीत, वैतागलेला आवाज आला.

"आवो, त्या कोपऱ्यात काय बसलाय चोरावानी? म्होरं या. हितं मदी बसा. पोरीचं बाप हायसा तुमी!"

मला हसू आलं आणि रडूही आलं. शूटिंग पुढे सरकली होती, पंगतीत कुणीतरी भात मागत होतं. आबांनी गुडघ्यावर हात दिला, उठले, धोतर सारखं केलं आणि जाऊन मधल्या खुर्चीत बसले. आधी पुढच्या काठावर, मग मागे सरकून, पाठ टेकून.

"पुन्यांदा लाव," ते म्हणाले.

मी लावली. अंतरं मी चटईची भरली होती आणि स्पीकरचं तोंडही तिकडेच होतं, त्यामुळे खुर्चीत आवाज जरा कमी पडत असणार. तसं मी म्हटलंही. "ऱ्हाऊ दे, कळलंय मला," आबा म्हणाले.

मागच्या रविवारी दाजी न सांगता आले. स्टुलावरचा स्पीकर बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे असं कुणी केलं, सगळा बॅलन्स गेला, असं बोलत ते सवयीने खुर्चीकडे वळले आणि थबकले. खुर्चीत आबा होते. ताई माझ्याकडे बघायला लागली. मी गुपचूप चहाचं आधण ठेवायला निघाले, पण दारातच थांबले.

"या पावनं," आबा म्हणाले. "बसा की कुटंबी."

आणि उठले नाहीत.