लोखंड बाहेर ठेवा

सेतुमाधवरावांनी माझ्याशी उच्चारलेला पहिला शब्द ‘लोखंड?’ हा होता. चेन्नईबाहेरच्या आमच्या वेधशाळेत चुंबकमापकाच्या खोलीच्या दारात ते उभे राहत आणि आत जाणाऱ्याच्या किल्ल्या, पट्टा, छत्री बाहेरच्या कट्ट्यावर काढून ठेवायला लावत. सांगलीहून नुकत्याच आलेल्या माझ्या केसांतल्या पिनासुद्धा त्यांनी सगळ्यांदेखत काढायला लावल्या. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला.

ते वेधशाळेतले ज्येष्ठ शास्त्रज्ञ, तंजावरच्या जुन्या मराठी घरातले. ‘आम्हांस तमिळ येते, मराठीही येते. तुम्हांस चुंबक तरी येते काय?’ हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य.

पृथ्वीचं चुंबकत्व सारखं बारीक थरथरत असतं. ती थरथर मध्य अक्षांशांवर आणि ध्रुवांजवळ कशी बदलते, हा माझा विषय. ध्रुवांजवळ ती फारच क्षीण असते, असा निष्कर्ष मी काढला. सगळी पुस्तकं उलट सांगत होती, म्हणून तर मी हरखले होते. हा निष्कर्ष मला चर्चासत्रात मांडायचा होता, आणि शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष मिळणं त्यावरच अवलंबून होतं. आठवडाभर आधी कागद त्यांना दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत वाचले आणि तमिळमध्ये नुसतं ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणाले.

चर्चासत्रात मात्र ते उठले. ‘बाई, मध्यावरची थरथर अर्ध्या मिनिटाची. ध्रुवाकडची संथ, एकेक हेलकावा पाच मिनिटांचा. तुम्ही रव्याच्या चाळणीतून पोहे चाळले, वर राहिले ते फेकून दिले, आणि सांगता, पोहे नाहीतच.’

सभागृह हसलं. शिष्यवृत्ती गेली. चूक माझीच होती, दोन्हीकडे मी फक्त जलद थरथरच मोजली होती; पण त्यांना ती आठवडाभर ठाऊक होती. परतताना चेन्नईतल्या अड्यारच्या बसस्टॉपवर मी रडले, ते अपमानापेक्षा रागानं.

प्रबंध मी शिकवण्या घेऊन पुरा केला. पुढे त्याच वेधशाळेची प्रमुख झाले. गेल्या वर्षी निवृत्त सेतुमाधवराव काठी टेकत आले. मांडीच्या हाडात सळई बसवली होती. एकदा आत जाऊन यंत्र पाहायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी दारात उभी राहिले.

‘लोखंड, सर?’

त्यांनी काठी कट्ट्यावर ठेवली. मग मांडीकडे पाहिलं.

‘नियम तुमचाच आहे,’ मी म्हणाले.

‘सरी,’ म्हणाले, आणि काठी उचलून हळूहळू फाटकाकडे गेले. दोन महिन्यांनी वारले.

सळई टायटॅनियमची होती. यंत्राला तिचा पत्ताही लागला नसता. ते येण्याच्या आठवडाभर आधीच त्यांच्या मुलानं मला हे फोनवर सांगितलं होतं.