पाकिटातली वचनं

आमच्या चर्चमधल्या शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या बायबल-वर्गाच्या, मॅडमनी माझ्या आईला फसवलं. एकदा नाही, दर वर्षी. आणि देवाचं नाव पुढे करून फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, बाई रागीट आहे, वाढवून सांगते. रागीट मी आहे. वाढवून सांगायची मला गरज नाही.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. एक जानेवारीच्या सकाळच्या उपासनेत पितळेचं ताट फिरतं. त्यात बायबलमधल्या वचनांच्या छापील चिठ्ठ्या असतात, गुंडाळ्या केलेल्या. डोळे मिटायचे आणि एक उचलायची. जे वचन निघेल ते देवानं तुम्हाला त्या वर्षासाठी दिलं असं मानायचं. लोक ती चिठ्ठी कपाटाच्या आरशाला चिकटवतात. आता मोबाइलवर फोटो लावतात.

मी दहा वर्षांची होते. नागपूरच्या जरीपटक्यातलं ते चर्च. पुढे बाक, मागे सतरंजी. बाकांवर तीन तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. रेल्वेतले, शाळेतले, दवाखान्यातले. सतरंजीवर आम्ही, काल-परवा बाप्तिस्मा घेतलेले, बाकांवरच्यांच्या घरी भांडी घासणारे. नियम कुठे लिहिलेला नव्हता. कुठे बसायचं ते पायांनाच माहीत होतं.

ताट शेवटच्या बाकापर्यंत आलं आणि मागे वळू लागलं. मी सतरंजीवरून उठले. हात घातला. चिठ्ठी उचलून लगेच उघडली, कारण मला वाचता येत होतं आणि त्याचा मला तोरा होता. तुझ्यापुढे मी दार उघडून ठेवलं आहे, ते कोणालाही बंद करता येणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी होतं. तेवढंच वाचून झालं.

मॅडमनी माझं मनगट धरलं. मी मूठ आवळली. त्यांनी माझं एकेक बोट उलगडलं. अंगठा शेवटी. चिठ्ठी काढली, परत गुंडाळली आणि ताटात टाकली.

"हे ताट बाकांचं आहे. तुमचं वचन वेगळं असतं."

सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या बाकावरच्या डॉक्टरीणबाई हसल्या. पाळकांनी गीताचा नंबर सांगितला.

मग मॅडमनी पर्समधून एक खाकी पाकीट काढलं. त्यातही चिठ्ठ्या होत्या, पण हातानं लिहिलेल्या. मॅडमचं अक्षर मोत्यासारखं. "डोळे मिट आणि घे," त्या म्हणाल्या. मी घेतली. चाकरांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा, असं तिच्यावर होतं. मी दहा वर्षांची होते. मला धनी कोण, तेही कळलं नाही.

आईला कळलं. चर्चच्या आवारातच तिनं माझ्या कानाखाली वाजवली.

"हात काहून घातला वं त्यायच्या ताटात? मले कामावरून काढलं त मंग?"

आई मॅडमच्या घरीच स्वयंपाकाला होती.

ती उमरेडच्या विणकराच्या घरातली. तिथला हातमाग बंद पडला, बाबा गेले, आणि ती मला घेऊन नागपूरला आली. मागावर तिचं काम सांधण्याचं होतं. एक ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, विणून संपत आला की तो पूर्ण काढायचा नसतो. त्याची टोकं मागात तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या एकेका धाग्याला पीळ देऊन जोडायचा. हजारो धागे. एक चुकला तर कापडभर रेघ दिसते. आईचा चुकत नसे.

तिला वाचता येत नव्हतं. दर एक जानेवारीला तिची पाकिटातली चिठ्ठी मी वाचून दाखवायची. एकदा ऐकलं की तिला पाठ. चिठ्ठ्या तिनं सुतळीत ओवल्या होत्या, वर्षांच्या क्रमानं. रोज सकाळी पोळ्या लाटताना ती पहिल्या चिठ्ठीपासून सुरू करायची आणि शेवटच्या चिठ्ठीपर्यंत जायची. मधे थांबणं नाही. तिची समजूत अशी होती की देव तिला एक गोष्ट सांगतो आहे आणि दरसाल पुढचा भाग देतो आहे. सांधायचं काम तिचं.

"देव एकदम समदं नाही सांगत," ती म्हणायची. "आपल्यानं झेपलं पाहिजे ना."

तिनं सांधलेली गोष्ट अशी होती. धन्याच्या आज्ञेत राहा. धनी कठोर असला तरी राहा. उलट बोलू नको. कुरकुर करू नको. अन्नवस्त्र मिळतं ना, मग तृप्त राहा. ज्या स्थितीत असताना देवानं तुला बोलावलं, त्याच स्थितीत राहा.

माझी आई आयुष्यभर अशी एक गोष्ट जगली, जी बायबलमध्ये कुठेच नाही, आणि जिचं प्रत्येक वचन बायबलमधलं आहे.

मी त्या गोष्टीत राहिले नाही. दहावीनंतर सीताबर्डीच्या फूटपाथवर कटपीस विकायला बसले. आता दुकान आहे, नंदनवन भागात फ्लॅट आहे. तोंड चालवून मिळवलं. माझ्याशी भाव करून जिंकलेली बाई मी अजून पाहिली नाही. धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी सांगू नये. गिऱ्हाइकाला मी म्हणते, ताई, मी काही दाखवत नाही, तुम्हीच ढिगात हात घाला, तुमच्या मनानं काढा. तिला वाटतं तिनं निवडलं. हात तिचाच असतो. ढीग मी लावलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी आईची नजर गेली. साखरेनं. चिठ्ठ्या बघून ओळखता येईनात, तेव्हा मधलं एखादं वचन सुटतंय असं तिला वाटायला लागलं. म्हणाली, "एकदा समद्या वाचून दे वं. जोड सुटून राहिली माही."

मी सुतळी हातात घेतली. कानावर रोज पडायच्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या चिठ्ठ्या एका बैठकीत वाचल्या. निम्म्यावर आले आणि परत पहिलीपासून चाळल्या. तीसेक वर्षं डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या आणि एकदाही दुसरा रंग निघाला नाही. असा ढीग आपोआप पडत नाही. हे दुसऱ्या कोणाला कळायला वेळ लागला असता. मला लागला नाही. मी तेच करते.

घरात बायबल होतं. आईनं कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलं होतं, हात लावायला भीत होती. ते मी दुकानात नेलं. प्रत्येक चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, अध्याय आणि ओळीचा आकडा होता. माझी दहाव्या वर्षीची चिठ्ठीही आईनं जपली होती, ती काढली आणि जागा शोधली. सापडली, बायबलच्या शेवटाकडे. चार ओळी खाली सरकले. तिथे लिहिलं होतं की धन्यांनो, तुम्हीही चाकरांशी तसेच वागा, धमकावणं सोडा, कारण त्यांचा आणि तुमचा धनी वर एकच आहे आणि तो माणसाचं तोंड बघून न्याय करत नाही.

एकाच पानावर. मोत्यासारखं अक्षर तिथपर्यंत आलं नव्हतं. मॅडमचे डोळे पोचलेच असणार.

कटपीस विकणारीला एक माहीत असतं. तुकडा कापडाच्या कुठल्या थानातला, ते थान उलगडल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. गिऱ्हाईक नसलं की वाचायचं. वर्ष लागलं, वर काही महिने. शेजारचा बेल्टवाला रोज टोमणा मारायचा.

"काय ताई, परीक्षा देऊन राहिली का?"

"हो. तू नापास आहे, पहिलेच सांगून ठेवतो तुले."

मी पंडित नाही. पण थान उलगडत गेलं तसं दिसायला लागलं. पुस्तकं पुष्कळ आहेत, कापड एक आहे. सुरुवातीला मिसर देशात गुलाम विटा पाडतात आणि ओरडतात, आणि देव म्हणतो, मी ऐकलं. तो त्यांना बाहेर काढतो. बाहेर काढून कायदा देतो, आणि त्या कायद्यात घडी घडी एकच आठवण: तू गुलाम होतास, विसरू नको, म्हणून मजुराची मजुरी रात्रभर अडवू नको, परक्याला छळू नको. ते विसरतात. त्यांचाच राजा शलमोन देवाचं घर बांधायला लोकांना वेठीला धरतो. तेच मिसर, फक्त आपल्या घरात. मग संदेष्टे ओरडतात की गरिबाला पायातल्या जोड्याच्या भावानं विकता आणि वर देवाला गाणी म्हणता, बंद करा ती. ऐकत नाहीत. देश जातो. मग एक साधी मुलगी गरोदर राहते आणि गाते की त्यानं सिंहासनावरच्यांना खाली ओढलं. तिचा मुलगा मोठा होऊन पहिलंच काय सांगतो, तर बांधलेल्यांना सोडवायला आलो आहे. तो चाकरासारखा खाली बसून पाय धुतो. त्याला मारतात. तो उठतो. आणि अगदी शेवटी एक नगर येतं, ज्याच्या वेशी कधीच बंद होत नाहीत.

दार. शेवटच्या पानांवर. माझ्या मुठीतून काढून घेतलेली चिठ्ठीही तिथूनच थोड्या आधीची निघाली.

जुना करार आणि नवा करार म्हणजे जुना ताणा आणि नवा ताणा, धागा धाग्याला जोडलेला. एकही सुटलेला नाही. सुटले ते मॅडमच्या पाकिटात सुटले. रेघ पडली ती माझ्या आईवर पडली.

या एक जानेवारीला मी आईला घेऊन चर्चमध्ये गेले. आता सतरंजी नाही, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. मॅडम म्हाताऱ्या झाल्या आहेत, मंडळीच्या वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक, आहेत. पितळेचं ताट शेवटच्या बाकावरून वळलं. मॅडम पर्स घेऊन मागे आल्या. तेच खाकी पाकीट असेल असं मला वाटलं होतं. पाकीट नवं होतं. रीत तीच.

मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि पुढे जाऊन, भाकर आणि द्राक्षरस ठेवतात त्या प्रभुभोजनाच्या टेबलावर उपडं केलं. एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचली. प्रत्येकीनंतर बायबल उघडून त्याच्या पुढची, मागची ओळ वाचली. चौथ्या चिठ्ठीला पाळक म्हणाले, "ताई, ही वेळ नाही." मी पाचवी उघडली.

मॅडम घाबरल्या नाहीत. मानलं मी त्यांना. म्हणाल्या, "तुझ्या आईला झेपेल तेवढंच दिलं. सगळं पुस्तक देऊन तिचं डोकं फिरवायचं होतं का? आणि ती समाधानात राहिली ना? तू राहिलीस?"

 तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. तिला दिसत नव्हतं, म्हणून भलत्याच दिशेला तोंड करून ती बोलत होती.

"मॅडम, ते पाकीट देव भरत नव्हता का जी?"

मॅडमनी पर्सची चेन लावली. म्हणाल्या, "आपण प्रार्थना करू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. आई हात पुढे करून तशीच बसली होती, चिठ्ठीसाठी.

 घरी येऊन तिनं सुतळी मागितली. चिठ्ठ्यांवरून बोटं फिरवली, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. मग म्हणाली, "मंग देव मले काहीच नाही बोलला का वं? इतक्या वर्षांत?"

मी पिशवीतलं बायबल काढून तिच्या मांडीवर ठेवलं.  

त्या दिवसापासून सकाळी आमच्या स्वयंपाकघरात आवाज नाही. तिनं सांधलेलं होतं ते खोटं होतं, पण तिचं होतं. ते मी फाडलं. याची मला माफी नको आणि मी ती मागतही नाही. दुपारी दुकान बंद ठेवून मी तिला पहिल्या पानापासून वाचून दाखवते. कधी ऐकते, कधी भिंतीकडे तोंड करते. विटा पाडणाऱ्यांचं ओरडणं देवानं ऐकलं, तिथे तिनं मला थांबवलं.

"हे त सुरुवातीलेच आहे. मंग मले शेवटचंच काहून देलं?"

मॅडम, तुम्ही निरोप पाठवला आहे की झालं गेलं विसरून यावं, मंडळीत फूट नको. मी विसरणार नाही आणि येणार नाही. तुम्ही यायचं. नंदनवनात, तिसऱ्या मजल्यावर, जिने चढून. माझ्या घरात बाक नाही. आई खाली सतरंजीवर बसते, तुम्हीही तिथेच बसायचं. तिला दिसत नाही, तेव्हा चेहरा कसा करावा याची काळजी नको. ती तुम्हाला तोच प्रश्न विचारेल, जो तिनं सुतळी हातात धरून मला विचारला. उत्तर तुम्ही द्यायचं, तुमच्या शब्दांत. पाळकांना सोबत आणू नका. प्रार्थना करू या म्हणू नका. इतकी वर्षं देवाच्या तोंडानं तुम्ही बोललात. आता तुमच्या तोंडानं बोला.